भ्रूण, स्टेम सेल आणि एक तारीख: ९ ऑगस्ट २००१

मेंडोटा | शनिवार, सकाळी ७:४०

९ ऑगस्ट २००१ ला रात्री अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी टेक्सासमधल्या आपल्या क्रॉफर्डच्या रँचवरून टीव्हीवर देशाला उद्देशून भाषण केलं. विषय युद्ध नव्हता, अर्थव्यवस्थाही नव्हती. विषय होता पेशी. महिन्याभरात ११ सप्टेंबर उजाडला आणि ते भाषण बहुतेकांच्या डोक्यातून पुसलं गेलं. मी ज्या गावात राहतो तिथे मात्र अजून निघतं. हे मॅडिसन, विस्कॉन्सिन. १९९८ च्या नोव्हेंबरात जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणापासून स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवत ठेवल्याचं जाहीर केलं, ते इथूनच.

निर्णय असा होता. आजपर्यंत ज्या भ्रूण स्टेम सेलच्या लाइन (लाइन म्हणजे एका भ्रूणापासून निघालेला, प्रयोगशाळेत वाढतच राहणारा पेशींचा वंश) तयार झाल्या आहेत, त्यांच्यावरच्या संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा मिळेल. उद्यापासून नवा भ्रूण मोडून लाइन केलीत तर एक डॉलरही नाही. कारण काय, तर आधीच्या भ्रूणांच्या बाबतीत जगण्या-मरण्याचा निर्णय होऊन गेलेला आहे, तो काही आता फिरवता येत नाही.

या तारखेची दोन्ही बाजूंनी टिंगल झाली. शास्त्रज्ञ म्हणाले, विज्ञानाला कसली कटऑफ डेट? गर्भपातविरोधक म्हणाले, खून काल झाला म्हणून आज त्याचा फायदा घ्यायचा का? मला विचाराल तर तारीख काढणाऱ्याने प्रश्न बरोबर पकडला होता. दुसऱ्याने केलेल्या, आपल्याला मान्य नसलेल्या गोष्टीतून जे निर्माण झालं, ते वापरणं वेगळं आणि 'जा, अजून करून आण' म्हणून पैसे देणं वेगळं. हा फरक खरा आहे. गडबड पुढे आहे.

गडबड अशी, की अमेरिकेत भ्रूणावरच्या संशोधनाला केंद्राची बंदी कधीच नव्हती. १९९६ पासून दर वर्षीच्या खर्चाच्या विधेयकात डिकी-विकर नावाची एक पुरवणी येते: भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला सरकारी पैसा नाही. आजही येते. खासगी पैशाने काहीही करा. थॉमसननी तेच केलं. विद्यापीठातल्या सरकारी अनुदानाच्या उपकरणांना हात न लावता वेगळी खोली घेतली, पैसा जेरॉन कंपनीचा. भ्रूण आयव्हीएफमधून, म्हणजे शरीराबाहेर फलन करून मूल होण्याच्या उपचारातून, उरलेले. त्यातून पाच लाइन निघाल्या.

आणि आयव्हीएफची क्लिनिकं? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेत सुमारे ४ लाख भ्रूण गोठवून ठेवलेले आढळले. पालकांनी संशोधनासाठी देऊ केलेले त्यातले तीन टक्क्यांहून कमी. बाकीच्यांतले किती कधी टाकून दिले जातील याची चौकशी ना बुशनी केली ना कुणी. भ्रूण म्हणजे माणूस, असं खरंच मानत असाल तर पहिलं कुलूप क्लिनिकला लागायला हवं. ते कुणी लावणार नाही, कारण क्लिनिकमधून मतदारांची नातवंडं येतात. प्रयोगशाळेतून कुणाचं नातवंड येत नाही.

आता आपल्याशी संबंधित भाग. बुश म्हणाले, जगात साठाहून जास्त लाइन आहेत. मग त्यांच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने यादी काढली, आणि त्या यादीत भारतातल्या दहा होत्या. सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसकडे, तीन बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्राकडे. त्यातली एकही पुढे अमेरिकी संशोधकांच्या हाती पडली नाही. साठाच्या शेवटी जेमतेम एकवीस झाल्या, त्याही उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या.

म्हणजे वॉशिंग्टनमध्ये ज्यावरून संसद दुभंगली ते भ्रूण मुंबईत मोडले गेले होते आणि आपल्याकडे कुणाला पत्ता नव्हता. माझा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे यावर कधी भांडण का झालं नाही? आपण उदार आहोत म्हणून, की लक्षच नव्हतं म्हणून?


गावठी_गणिती | शनिवार, सकाळी ८:०५

दुसरं. पुढचा धागा काढा.


शंभर_कुंभ | शनिवार, सकाळी ९:३०

लेख माहितीपूर्ण, पण मूळ विसरून कसं चालेल? गांधारीच्या मांसपिंडाचे शंभर भाग करून तुपाच्या कुंभांत ठेवले, त्यातून शंभर कौरव. ही स्टेम सेल नाही तर काय? पाश्चात्त्यांना १९९८ उजाडावं लागलं.


गावठी_गणिती | शनिवार, सकाळी ९:४१

कुंभकाका, हे २०१९ ला जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी बोलून झालंय आणि तेव्हा शास्त्रज्ञ निषेधाला रस्त्यावर उतरले होते. शिवाय त्या गोष्टीत दुःशला धरून एकशे एक भाग आहेत. मोजताना मुलगी विसरायची आपली सवय जुनीच.


संपादक मंडळ | शनिवार, सकाळी १०:१५

महाभारतकालीन तंत्रज्ञानावर वेगळे धागे आहेत. इथे विषयाला धरून लिहावे. या उपचर्चेतले पुढचे प्रतिसाद उडवले जातील.


लॅबवाली | शनिवार, दुपारी २:२०

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आयव्हीएफ सेंटरला. वर 'भ्रूण मोडला' वगैरे वाचून डोळ्यांसमोर हातपाय असलेलं काहीतरी येत असेल, म्हणून आधी काय असतं ते सांगते.

आज अंडी आणि शुक्राणू एकत्र आले, तर उद्या सकाळी आम्ही बघतो फलन झालं का. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट: शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा, नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसला तर दिसला. बाहेरच्या थरापासून पुढे वार होते. आत एका कडेला पेशींचा छोटा पुंजका असतो, बाळ झालं तर त्याच्यातून होतं. स्टेम सेलची लाइन करायची तर तो पुंजका काढून घेतात, आणि काढला की तो भ्रूण संपला. नर्व्ह नाहीत, रक्त नाही, हृदय नाही. पण हेही खरं की तोच भ्रूण मी कॅथेटरने गर्भाशयात सोडला असता तर नऊ महिन्यांनी पेढे आले असते. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि मला रोज दोन्ही डोक्यात ठेवून काम करावं लागतं.

आता उरलेल्यांचं. एका सायकलमध्ये कधी दोन भ्रूण मिळतात, कधी आठ. एक-दोन सोडतो, बाकी गोठवतो, उणे १९६ अंशाला द्रव नायट्रोजनमध्ये. वर्षाला भाडं. पहिलं मूल झालं की पहिली दोन वर्षं लोक नेमाने भरतात. मग फोन उचलत नाहीत. मग नंबर बदललेला असतो. उचलला तर म्हणतात, 'मॅडम, राहू द्या ना अजून.' टाकून द्या असं तोंडाने म्हणवत नाही. 'आमची दुसरी बाळं तुमच्याकडे आहेत' असं एका बाईंनी मला पेढे देताना हसत सांगितलं होतं, आणि त्या हसण्यात काय काय होतं ते मी अजून नीट सांगू शकणार नाही.

संमतीपत्रात 'संशोधनासाठी देण्यास तयार' असं एक खोकं आहे. बरेच जण त्यावर टिक करतात. टाकण्यापेक्षा बरं वाटतं म्हणून. पण घ्यायला कुणी येत नाही. मुंबईच्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने किंड-१ आणि किंड-२ अशा दोन लाइन केल्या होत्या, बंगळूरला जवाहरलाल नेहरू केंद्रानेही केल्या. बाकी देशभरातल्या टाक्यांमधले भ्रूण आहेत तिथे आहेत.

म्हणून मेंडोटा, भांडण का झालं नाही याचं माझं उत्तर: भ्रूणाबद्दल लोकांना काही वाटत नाही असं अजिबात नाही. खूप वाटतं. पण ते क्लिनिकच्या खोलीत वाटतं, त्याबद्दल घरीसुद्धा सांगत नाहीत. आयव्हीएफ केलं हेच लपवलेलं असतं. ज्या गोष्टीबद्दल सासूला सांगितलेलं नाही तिच्यावरून मोर्चा कोण काढणार?


पापडीकर | शनिवार, रात्री ९:५५

लॅबवाली ताई, फार प्रामाणिक लिहिलंत. आता आमची बाजू. मी वसईचा, कॅथलिक. बुश यांची बाजू म्हणजे चर्चची बाजू असं समजून इथे लिहिलं जाईल असं दिसतंय, म्हणून आधीच सांगतो.

मेंडोटा म्हणतात पहिलं कुलूप क्लिनिकला लागायला हवं. आमच्या चर्चने १९८७ मध्येच ते म्हटलेलं आहे. व्हॅटिकनने तेव्हा काढलेल्या सूचनेत आयव्हीएफ नको, भ्रूण गोठवणं नको, संशोधनासाठी वापरणं नको, सगळं एका दमात आहे. २००८ मध्ये पुन्हा तेच. सोयीचं तेवढं घेतलंय असा आरोप आमच्यावर करता येणार नाही. ऐकत नाहीत आमचेच लोक, वसईतली जोडपी मुंबईला जाऊन गपचूप आयव्हीएफ करतात, तो भाग वेगळा. तेही माझ्याच घरातले आहेत.

दुसरा गैरसमज, की चर्च म्हणतं पहिल्याच दिवशी आत्मा येतो हे सिद्ध आहे. तसं म्हणत नाही. म्हणणं असं आहे, की नक्की माहीत नसेल तर संशयाचा फायदा भ्रूणाला द्या. झुडपात काहीतरी हललं, हरीण आहे की माणूस ते दिसत नाही, तर शिकाऱ्याने गोळी झाडू नये, एवढंच. तुम्ही म्हणाल शंभर पेशी म्हणजे माणूस नाही. मग कितीला होतो? दोनशे? लाख? आकडा तुम्ही द्या, कारण गोळी चालवणारे तुम्ही आहात.


मेंडोटा | शनिवार, रात्री ११:१०

पापडीकर, आकडा ब्रिटनने दिला: चौदा दिवस. १९७८ च्या जुलैत पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली, तेव्हा तिथे हाच गोंधळ उडाला. सरकारने मेरी वॉरनॉक या तत्त्वज्ञ बाईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ चा अहवाल, १९९० चा कायदा. चौदाव्या दिवसाच्या आसपास भ्रूणावर एक रेघ उमटते, पुढे जिथे पाठीचा कणा होणार ती दिशा ठरते. तोपर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात, त्यानंतर नाही. एक व्यक्ती की दोन हेच ठरलेलं नसेल तर तिला 'व्यक्ती' कसं म्हणायचं, हा युक्तिवाद मला पटतो.

वॉरनॉक बाईंचा मोठेपणा मला यात वाटतो, की चौदा हे निसर्गाने कोरून ठेवलंय असा आव त्यांनी आणला नाही. कुठेतरी रेघ हवी, ती सगळ्यांना मोजता येईल अशी हवी, म्हणून दिवस. ब्रिटनमध्ये त्यानंतर संशोधन परवाना घेऊन, उघड, सरकारी पैशाने चाललं. अमेरिकेत एकाच इमारतीत सरकारी मायक्रोस्कोप आणि खासगी मायक्रोस्कोप वेगळे ठेवायची वेळ आली. हार्वर्डच्या डग मेल्टन यांनी २००४ मध्ये खासगी पैशाने सतरा नव्या लाइन केल्या आणि मागेल त्याला वाटल्या, पण त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा थाटावी लागली. मेल्टन आधी बेडकांच्या वाढीवर काम करायचे. मुलाला तान्हेपणी टाइप १ मधुमेह निघाला आणि त्यांनी विषय बदलला.


पापडीकर | रविवार, सकाळी ७:१५

आणि आता तीच मोजता येणारी रेघ नकोशी झाली ना? २०१६ पर्यंत चौदा दिवस कुणाला गाठताच येत नव्हते, तोवर नियम पाळणं सोपं होतं. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळांनी भ्रूण बारा-तेरा दिवस वाढवून दाखवले. २०२१ मध्ये स्टेम सेलवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'चौदा दिवसांच्या पुढे कधीच नाही' हे कलम बंदीच्या यादीतून काढून टाकलं. ज्या कुंपणाजवळ कुणी जाऊ शकत नाही ते कुंपण सगळे मानतात. जवळ पोचल्यावर सरकवतात.

तारखेचंही तेच. जर्मनीत १९९० च्या कायद्याने भ्रूणावरचं संशोधन बंद आहे. पण २००२ मध्ये त्यांनीही बुशसारखी तारीख काढली: १ जानेवारी २००२ च्या आधी परदेशात बनलेल्या लाइन आणायला परवानगी. २००८ मध्ये शास्त्रज्ञ म्हणाले जुन्या लाइन खराब झाल्या, तर संसदेने तारीख सरकवून १ मे २००७ केली. एकदाच हां, पुन्हा नाही. मेंडोटा, तुम्ही लिहिलंत की 'झालेलं वापरणं' आणि 'करून आण म्हणणं' यात फरक आहे. तारीख एकदा सरकली की पुढच्याला कळतं, ही पुन्हा सरकेल. मग तो फरक उरत नाही.


मेंडोटा | रविवार, सकाळी ७:५०

जर्मनीचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. अमेरिकेत ओबामांनी मार्च २००९ मध्ये तारीखच काढून टाकली, ते मला त्यापेक्षा सरळ वाटतं. त्यावरही खटला झाला. २०१० मध्ये एका न्यायाधीशाने सरकारी अनुदान काही दिवस थांबवलं होतं, पुढे वरच्या न्यायालयाने ते सुरू केलं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.


तिखटजाळ | रविवार, सकाळी ११:३०

दोन दिवस वाचतेय. शंभर पेशींचं काय, चौदा दिवसांचं काय, चर्चचं काय, बुशचं काय. ज्या बाईच्या पोटातून अंडी काढली तिचा उल्लेख अख्ख्या धाग्यात एकदाही नाही. आपोआप उगवतात का अंडी?

दक्षिण कोरियाचं प्रकरण कसं कुणी काढलं नाही? ह्वांग वू-सुक. २००४ आणि २००५ मध्ये 'सायन्स' मासिकात त्यांचे शोधनिबंध आले, की क्लोन केलेल्या भ्रूणापासून स्टेम सेल केल्या, तेही रुग्णागणिक. देशाने डोक्यावर घेतलं. त्यांच्या कामावर पोस्टाचं तिकीट निघालं, त्यात व्हीलचेअरवरचा माणूस उठून उभा राहतो, उडी मारतो, कुणाला तरी मिठी मारतो. २००६ च्या जानेवारीत दोन्ही निबंध मागे घेतले गेले. आकडे बनावट, लाइन बनावट. पण त्या बनावट विज्ञानासाठी दोन हजारांहून जास्त अंडी वापरली होती, ती मात्र खरी होती. काही बायकांना पैसे दिले होते. काही अंडी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कनिष्ठ मुलींची होती. साहेबांच्या हाताखाली नोकरी करणारी मुलगी 'स्वखुशीने' अंडी देते म्हणजे काय, हे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या बाईला विचारा.

अंडी देणं म्हणजे रक्तदान नव्हे. दहा-बारा दिवस हार्मोनची इंजेक्शनं, मग भूल, मग सुई. कधी अंडाशय सुजून पोटात पाणी होतं, जिवावर बेततं. सगळी नैतिक चर्चा भ्रूणाभोवती फिरवली की बाई आपोआप फ्रेमच्या बाहेर जाते. हे पोप करतात आणि शास्त्रज्ञही करतात.


लॅबवाली | रविवार, दुपारी १२:१०

पूर्ण सहमत. अंडी देणाऱ्या डोनर आमच्या कागदांवर फक्त एक कोड नंबर असतात. एकीला मी विचारलं होतं किती पैसे मिळाले, तर एजंटने किती कापले तेच सांगत बसली.


वकीलीणबाई | रविवार, संध्याकाळी ५:४५

कायद्याचं मी सांगते, थोडं लांबेल.

तिखटजाळ, २०२१ च्या एआरटी कायद्याने (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) अंडी देणारीला आयुष्यात एकदाच देता येतात, आणि एका वेळी सातपेक्षा जास्त अंडी काढायची नाहीत. कागदावर चांगलं आहे. त्याच कायद्यात भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. नंतर एक तर नष्ट होऊ द्यायचा, नाहीतर जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. भ्रूण विकणं गुन्हा. लॅबवाली, 'राहू द्या ना अजून' हे आता अनंत काळ चालणार नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वेगळी आहेत. त्यात आयव्हीएफमधून उरलेला भ्रूण समितीच्या मंजुरीने वापरता येतो, मुद्दाम संशोधनासाठी भ्रूण बनवणं 'निर्बंधित' गटात, आणि चौदा दिवसांच्या पुढे वाढवणं निषिद्ध. पण ती तत्त्वं आहेत, कायदा नाही. त्यांना दात कमी.

आता मेंडोटांच्या मूळ प्रश्नावर. भांडण झालं नाही हे अर्धसत्य आहे. आपल्याकडे गर्भावरून प्रचंड भांडण झालं, फक्त प्रश्न वेगळा होता. अमेरिकेत प्रश्न होता गर्भ माणूस आहे का. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात प्रश्न होता गर्भ मुलगी आहे म्हणून पाडला जातोय का. स्त्री संघटनांनी आणि डॉक्टरांनी लढून १९८८ मध्ये राज्याचा गर्भलिंग चाचणीवरचा कायदा आणला, देशात पहिला. केंद्राचा १९९४ ला आला. त्या चळवळीला सतत दोरीवरून चालावं लागलं. लिंगनिदानाला विरोध करायचा, पण १९७१ च्या कायद्याने बाईला मिळालेला गर्भपाताचा मार्ग बंद होऊ द्यायचा नाही. 'गर्भाचा जगण्याचा हक्क' ही भाषा एकदा तोंडात आली की दुसऱ्या दिवशी ती बाईविरुद्ध वापरली जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून जाणूनबुजून ती भाषा टाळली. आपल्याकडे भ्रूणाच्या नैतिक दर्जावर शांतता आहे ती काही अंशी कमावलेली आहे.

पण या शांततेचा फायदा भलत्यांनीच उठवला. भ्रूणावर कुणी डोळा ठेवून नाही म्हटल्यावर 'स्टेम सेल' नावाखाली काहीही विकायला लोक मोकळे झाले.


चिन्मयचा_बाबा | रविवार, रात्री १०:२०

वकीलीणबाईंच्या शेवटच्या वाक्यासाठी आलो. माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. शाळेच्या डब्याबरोबर इन्सुलिन पेन जातं. रात्री दोनला अलार्म लावून साखर बघतो आम्ही आळीपाळीने. मागच्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये नेलं होतं, नाव घेत नाही. गुळगुळीत ब्रोशर, त्यावर डीएनएचं चित्र. 'स्टेम सेल थेरपी', तीन सिटिंग, आकडा ऐकून बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीच्या कागदांचा विचार करायला लागलो. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थांबवलं.

मला साधं सांगा. ही थेरपी खरी आहे का खोटी? आणि खरी असेल तर २००१ पासून भांडण चालू आहे, अजून आली का नाही?


लॅबवाली | रविवार, रात्री १०:५०

दादा, बरं केलंत थांबलात. आयसीएमआरचं स्पष्ट आहे: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी बोनमॅरो प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी कुठलीही स्टेम सेल 'थेरपी' ही चाचणी आहे. चाचणीसाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजायचं.


मेंडोटा | सोमवार, सकाळी ६:३०

चिन्मयचे बाबा, खरी आहे, पण ब्रोशरवाली नाही.

उशीर का झाला ते आधी. राजकारणाने काही वर्षं खाल्ली, पण सगळा दोष तिथे टाकणं खोटं होईल. भ्रूण स्टेम सेल काहीही बनू शकते हीच तिची अडचण. हवी ती पेशी बनवणं, तीच बनवणं, उरलेल्या एखाद्या पेशीची गाठ होऊ न देणं, यात वीस वर्षं गेली. जेरॉनने २०१० मध्ये मणक्याच्या दुखापतीवर पहिली चाचणी सुरू केली आणि वर्षभरात पैशाचं कारण देऊन बंद केली. राजकारण्यांनी आणि आमच्या लोकांनी मिळून स्वप्नं फार विकली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाने मतदान घेऊन स्टेम सेलसाठी ३ अब्ज डॉलरचे रोखे काढले. प्रचारात व्हीलचेअर, पार्किन्सन, मधुमेही मुलं. लोकांना वाटलं पाच वर्षांत औषध. २०२० मध्ये पुन्हा पैसे मागितले तेव्हा जेमतेम ५१ टक्के मिळाले.

मध्ये यामानाका आले. क्योटोच्या शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशीत चार जनुकं घालून तिला भ्रूण स्टेम सेलसारखं वागायला लावलं. २०१२ चं नोबेल. त्यांनी सांगितलेलं आहे, की मित्राच्या क्लिनिकमध्ये मायक्रोस्कोपखाली भ्रूण बघताना आपल्या मुलींची आठवण झाली आणि दुसरा रस्ता शोधायचं ठरवलं. बुशसमर्थकांनी लगेच जाहीर केलं, बघा, आम्ही अडवलं म्हणून हे सापडलं. पण कातडीची पेशी भ्रूण पेशीसारखी झाली हे ठरवायला मुळात भ्रूण पेशी माहीत असावी लागते.

आता तुमचं उत्तर. जून २०२५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या चाचणीचे निकाल आले. भ्रूण स्टेम सेलपासून केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी यकृताच्या शिरेतून सोडल्या. मुळात हे मेल्टन यांच्या प्रयोगशाळेतलं काम. पूर्ण डोस मिळालेल्या बारापैकी दहा जणांना वर्षानंतर इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. हे ऐतिहासिक आहे, यात शंका नाही. पण सगळे प्रौढ होते, साखर धोकादायकरीत्या उतरते आणि कळतही नाही अशा गटातले. सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात. चाचणीत दोन मृत्यूही झाले, त्यातला एक मेंदूच्या आवरणाला झालेल्या संसर्गाने. शाळकरी मुलाला आज कुणी हे देणार नाही, देऊही नये.

आणि पापडीकर, तुमच्यासाठी एक. एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सनच्या बारा रुग्णांवरच्या चाचणीचा निबंध आला. त्यांच्या मेंदूत सोडलेल्या पेशी 'एच ९' या लाइनपासून केलेल्या. थॉमसनच्या १९९८ च्या पाचातली एक. बुशच्या तारखेच्या आधीची, त्यांच्या यादीतली.


चिन्मयचा_बाबा | सोमवार, सकाळी ९:०५

समजलं. धन्यवाद. पापडीकर, राग मानू नका, सरळ विचारतो. दहा वर्षांनी हे मुलांसाठी आलं आणि मला परवडलं, तर तुम्ही मला नको म्हणाल?


पापडीकर | सोमवार, रात्री ९:३०

दिवसभर विचार केला. नाही म्हणणार नाही.

धर्माच्या आधाराने सांगतो, नुसत्या मायेने नाही. आपण सगळ्यांनी कोव्हिशील्ड घेतली. पुण्याच्या सीरमची. ती लस ज्या पेशींमध्ये वाढवतात, त्या सत्तरच्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनला एका गर्भाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या लाइनमधून आल्या. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने सांगितलं, दुसरा पर्याय हाताशी नसेल तर घेता येईल. जे घडलं त्यापासून तुम्ही फार दूर आहात, आणि तुम्ही घेतल्याने तशी दुसरी गोष्ट घडत नाही. २००८ च्या सूचनेतही मुलाच्या आरोग्याला धोका असलेल्या आईबापांसाठी वाट ठेवलेली आहे. अट एकच, की पर्याय मागत राहा.

म्हणजे मेंडोटा ज्याला बुशची तारीख म्हणतात त्याच्या अगदी जवळ मी येऊन उभा राहिलो, हे मला दिसतंय. फरक एवढाच मानतो, की मला ते खटकत राहायला हवं. यामानाकांच्या पद्धतीने केलेल्या पेशी असतील तर त्याच घ्या असं मी तुम्हाला सांगेन. पार्किन्सनवर क्योटोत त्या पेशींची चाचणी झाली आहे, सात रुग्णांवर, तिचाही निबंध त्याच महिन्यात आला.


तिखटजाळ | सोमवार, रात्री १०:००

पापडीकर, खटकत राहायला हवं हे मान्य. मग अंडी देणाऱ्या बाईच्या बाबतीतही खटकू द्या. तुमच्या २००८ च्या सूचनेत तिच्यासाठी किती ओळी आहेत ते एकदा मोजून सांगा.


वकीलीणबाई | सोमवार, रात्री १०:२५

लॅबवाली, एक काम आहे. तुमच्या संमतीपत्रातलं 'संशोधनासाठी देण्यास तयार' हे खोकं मोघम असेल तर ते पुरणार नाही. स्टेम सेल लाइन करण्यासाठी भ्रूण द्यायचा तर नवरा-बायको दोघांचीही, नेमकं काय होणार ते समजावून घेतलेली वेगळी संमती लागते. त्यातून पुढे व्यापारी उत्पादन निघालं तर त्यांना त्यात वाटा नाही, हेही आधी सांगावं लागतं. फॉर्मचा मसुदा इथे टाकू नका, व्यक्तिगत निरोपातून पाठवा. बघते.


लॅबवाली | सोमवार, रात्री १०:४०

पाठवते. मराठीतला आणि इंग्रजीतला दोन्ही. दोन्हींत वेगवेगळं लिहिलंय हे मला आत्ता तुमचं वाचून काढल्यावर दिसलं. मराठीत 'नष्ट करणे' असं खोकंच नाहीये.